हेड गॅस्केट बदलल्यानंतर चालूच न होणारी जुनी गाडी : एक प्रकरण अभ्यास

गाडी आणि तिचा पूर्वेतिहास

या प्रकरणातील गाडी तीस वर्षांहून जुनी, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आणि कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारा भाग) आहे. तिच्यात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे दोषाचा क्रमांक वाचून दाखवणारे यंत्र तिला जोडता येत नाही. ठिणगी पाडण्याचे काम पॉइंट आणि कंडेन्सर असलेला डिस्ट्रिब्युटर करतो; त्याच्या आतला फिरता रोटर प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप ठरवणारा दांडा) हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, नसून खाली ब्लॉकमध्ये आहे आणि तो क्रँकशाफ्टवरून (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून) साखळीने फिरतो. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम पुशरॉड आणि रॉकर करतात. हा तपशील पुढे उपयोगी पडणार असल्यामुळे तो आधीच सांगून ठेवतो.

गाडीचे मालक माझ्या परिचयातील वयस्कर गृहस्थ आहेत. मी त्यांना काका म्हणतो. गेल्या काही महिन्यांपासून गाडी गरम होत होती, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत होते आणि डिपस्टिकवर ऑईलऐवजी दुधाळ थर येऊ लागला होता. ही हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा थर) फुटल्याची सरळ लक्षणे होती आणि मेकॅनिकने निदानही तेच केले. कामही मन लावून केले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. हेड उतरवून मशीनवर सपाट करून घेतले, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवे गॅस्केट टाकले, हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या क्रमाने आवळले, टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली फट) जुळवले आणि ऑईल व कूलंट नवे भरले. त्यानंतर किल्ली फिरवली तेव्हा सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटार) रेंगाळत फिरला, कार्ब्युरेटरमधून एक-दोन फटके आले आणि गाडी चालू झाली नाही.

पुढचे तीन आठवडे अंदाजाने गेले. सेल्फ हळू फिरतो म्हणून नवी बॅटरी बसवली. ठिणगी फिकट दिसते म्हणून ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉईल नवी बसवली. प्लग ओले निघतात म्हणून नवे प्लग टाकले, आणि पेट्रोलचाच काही घोटाळा असेल म्हणून पेट्रोल पंपही बदलला. एकाही बदलाने तिळमात्र फरक पडला नाही. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते मोजणारे गेज लावले, तेव्हा चारही सिलिंडरचे आकडे अनुक्रमे ८५, ८८, ८४ आणि ८६ पीएसआय (दाबाचे एकक) आले. अशा इंजिनात ते दीडशेच्या आसपास असायला हवेत. साहजिकच निष्कर्ष निघाला की गॅस्केट नीट बसलेले नाही किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत आणि हेड पुन्हा उतरवावे लागणार.

त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. “तू एकदा येऊन बघून जा. हेड परत खोलायचं म्हणतायत, आणि मला ते काही पटत नाही,” एवढेच ते म्हणाले.

तपासाची दिशा

माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत मोठा पुरावा गेजवर नव्हता. ही गाडी दुरुस्तीच्या आदल्या दिवसापर्यंत, आजारी का होईना, चालत होती आणि स्वतःच्या चाकांवर मेकॅनिककडे गेली होती. ती बंद पडली ती दुरुस्तीच्या टेबलावर. गाडी जुनी असली की प्रत्येक दोषाचे खापर तिच्या वयावर फोडण्याची आपल्याला सवय असते, पण वय एका दुपारीत वाढत नाही. त्यामुळे संशयितांची यादी संपूर्ण गाडीएवढी लांब धरण्याचे कारण नव्हते. त्या दुरुस्तीत ज्या ज्या भागांना हात लागला तेवढीच ती यादी होती, आणि त्यातही आधी जे सैल केले गेले आणि मग जोडले गेले, किंवा जोडायचे राहून गेले, ते भाग.

काम चालू असताना काका बराच वेळ तिथे बसून होते. त्यांना विचारून मी कागदावर यादी केली : रेडिएटरचे पाईप, हीटरचे पाईप, कार्ब्युरेटरसह इनटेक मॅनिफोल्ड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, रॉकर आणि पुशरॉड, प्लगच्या वायरी, चोकची आणि ॲक्सिलरेटरची केबल, आणि डिस्ट्रिब्युटर. हाताला जागा हवी होती आणि पॉइंटही नवे टाकायचे होते, म्हणून डिस्ट्रिब्युटर पूर्ण बाहेर काढला होता. टायमिंगच्या साखळीला मात्र कोणी हात लावला नव्हता; पुढचे झाकणसुद्धा उघडले नव्हते.

या यादीवरून दोन गोष्टी लगेच ठरल्या. साखळी जागची हललेली नसल्यामुळे क्रँक आणि कॅम यांचे नाते बिघडण्याचा संभव फार थोडा होता. आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असले तरी ते जवळजवळ सारखे होते, ही गोष्ट गॅस्केटविरुद्ध जाणारी होती. गॅस्केट फुटते किंवा वाकडे बसते तेव्हा ते एका सिलिंडरला किंवा शेजारच्या दोघांना मारते. चौघांना चार पीएसआयच्या फरकात सारखे मारत नाही. व्हॉल्व्हचेही तसेच आहे. आठही व्हॉल्व्ह एकाच प्रमाणात गळावेत, असा योग सहसा येत नाही. सगळे आकडे एकदम आणि सारखे खाली येतात तेव्हा कारण बहुतेक वेळा सगळ्यांना समाईक असते, आणि कधी कधी ते इंजिनात नसून मोजण्याच्या पद्धतीत असते.

पहिला दोष : रेंगाळणारा सेल्फ

मी पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा इंजिन फिरले, पण एकेका दाबाशी अडखळत, जणू थंडीत गारठल्यासारखे. बॅटरी नवी होती. तिच्या टोकांवर मल्टिमीटर लावला तेव्हा काही न चालवता १२.६ व्होल्ट दिसले, आणि सेल्फ फिरत असतानाही आकडा ११.४ च्या खाली गेला नाही.

हा आकडा चांगला दिसतो म्हणून त्यावरून पुढे जाण्याचा मोह होतो, परंतु सगळी गोष्ट त्यातच होती. सेल्फची मोटार शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते आणि एवढा प्रवाह ओढला गेला की चांगल्या बॅटरीचा दाबही दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत उतरतो. बॅटरी दुबळी असती तर तो नवाच्याही खाली गेला असता. इंजिन आतून जाम असते तर सेल्फने आणखी प्रवाह ओढून तो तसाच खाली नेला असता. इथे सेल्फ हळू फिरत होता आणि तरीही बॅटरीवर ताण दिसत नव्हता. याचा अर्थ प्रवाह पुरेसा वाहतच नव्हता; वाटेत कुठेतरी अडथळा होता.

अडथळा शोधायची रीत सोपी आहे, फक्त दुसऱ्या माणसाने किल्ली फिरवायला हवी. काका गाडीत बसले. कॉईलला येणारी बारीक वायर मी काढून ठेवली, म्हणजे मोजताना गाडी चालू होण्याचा प्रश्न राहणार नव्हता. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरे सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवले, तेव्हा सेल्फ फिरताना ०.३ व्होल्ट दिसले, इतके चालते. मग एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकवर, रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर ठेवले. काकांनी किल्ली फिरवताच आकडा ३.१ वर गेला. तिथे ०.२ च्या वर काही दिसता कामा नये. बॅटरीच्या मायनसपासून गाडीच्या बॉडीपर्यंत मोजले तर जेमतेम ०.०५ व्होल्ट होते. म्हणजे बॅटरी ते बॉडी हा रस्ता उत्तम होता आणि बॉडी ते इंजिन हा रस्ता तुटलेला होता.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॉडी आणि इंजिन यांना जोडणारी तांब्याची विणलेली जाड पट्टी दिलेली असते, जिला आपण अर्थिंगची पट्टी म्हणतो. या गाडीत ती हेडच्या मागच्या बाजूला एका बोल्टखाली बसते. दिवे, हॉर्न आणि वायपर यांचे अर्थिंग बॉडीवर असल्यामुळे ते सगळे व्यवस्थित चालत होते, आणि त्यामुळेच अर्थिंगचा संशय कोणाला आला नाही.

मोजमाप संपता संपता जळक्या प्लास्टिकचा बारीक वास आला. काकांनी चोकचे बटण ओढायला हात लावला आणि लगेच मागे घेतला. “अरे, हे तापलंय!” ते म्हणाले. मी बोनेटखाली हात घालून चोकच्या केबलचे बाहेरचे वेटोळे चाचपले, तर ते डॅशबोर्डपासून कार्ब्युरेटरपर्यंत अख्खे गरम होते. सेल्फला लागणारा प्रवाह परत येण्यासाठी वाट शोधत होता आणि त्याला पट्टी मिळाली नाही तेव्हा तो चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलच्या लोखंडी तारांमधून बॉडीकडे परतत होता. तीन आठवडे, दर वेळी किल्ली फिरवली की हाच प्रकार घडत आला होता.

टॉर्च घेऊन हेडच्या मागे पाहिले. बोल्ट जागच्या जागी आवळलेला होता, पण त्याखाली पट्टी नव्हती. ती हीटरच्या पाईपामागे खाली लोंबकळत होती, काळ्या ऑईलने माखलेली, आणि वरून पाहिले तर पाईपाची सावलीच वाटावी अशी. खात्री करण्यासाठी मी आधी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे इंजिन उचलण्याच्या हुकाला लावले. सेल्फ लगेच जोमाने फिरला. मग पट्टीची दोन्ही टोके आणि बोल्टखालची जागा सँडपेपरने चकचकीत करून ती जिथली तिथे बसवली. पुन्हा मोजले : ब्लॉकपर्यंतचा तोटा ०.१ व्होल्ट, आणि सेल्फ फिरताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट. बॅटरीवरचा आकडा खाली आला आणि सेल्फ वेगाने फिरू लागला. मघाच्या ११.४ पेक्षा हा १०.४ निरोगी होता.

कॉम्प्रेशनचे आकडे पुन्हा

आता कॉम्प्रेशन पुन्हा मोजायचे होते. चारही प्लग काढले आणि एअर क्लीनर उतरवला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चोकची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये शिरणारी हवा अडवणारी, झडप जवळजवळ पूर्ण बंद होती आणि डॅशबोर्डवरचे बटण आत ढकलले तरी उघडत नव्हती. केबलच्या आतले प्लास्टिकचे अस्तर उष्णतेने वितळून तारेला चिकटले होते.

पहिल्या मोजमापात काय घडले असावे ते इथे स्पष्ट झाले. सेल्फ हळू फिरत होता, म्हणून पिस्टन वर येईपर्यंत हवेला पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटायला भरपूर वेळ मिळत होता. चोकची झडप बंद होती आणि थ्रॉटलही पायाने दाबून धरलेले नव्हते, म्हणून सिलिंडरमध्ये मुळात पुरेशी हवा शिरतच नव्हती. शिवाय तीन आठवडे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळत राहिल्यामुळे तिथला ऑईलचा पातळ थर धुऊन गेला होता, आणि रिंगा व भिंत यांच्यामधली फट सांधण्याचे काम तोच थर करत असतो. तिन्ही कारणे चारही सिलिंडरना सारखीच लागू होती, म्हणून चारही आकडे सारखेच पडले होते. गेज खोटे बोलले नव्हते. त्याला ज्या परिस्थितीत विचारले गेले तिचेच उत्तर त्याने दिले होते.

झडप हाताने उघडी धरून, थ्रॉटल पूर्ण दाबून, सेल्फच्या योग्य वेगावर मोजले तेव्हा १३८, १४१, १३६ आणि १३९ पीएसआय आले. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा भरेल इतके इंजिन ऑईल सोडून मोजले, तर चारही आकडे १६० च्या आसपास गेले. ऑईल घालून कॉम्प्रेशन वाढले तर गळती रिंगांकडून असते. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गळत असेल तर ऑईलने फरक पडत नाही. इथे रिंगाही झिजलेल्या नव्हत्या, फक्त कोरड्या पडल्या होत्या. हेड उतरवण्याचा प्रश्न इथे मिटला. मेकॅनिकने हेड, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट यांचे काम उत्तम केलेले होते, आणि ते दुसऱ्यांदा उघडले गेले असते तर एक नवे गॅस्केट वाया जाऊन मूळ दोष जागच्या जागी राहिला असता.

फिकट ठिणगीचेही कोडे याच वेळी सुटले. पॉइंटचे अर्थिंग इंजिनच्या ब्लॉकमधून होते. सेल्फ फिरताना ब्लॉक आणि बॅटरीचा मायनस यांत तीन व्होल्टचा फरक पडत असल्यामुळे कॉईलच्या वाट्याला आठ-सव्वाआठ व्होल्टच येत होते, आणि तेवढ्यावर कुठल्याही कॉईलची ठिणगी पिवळसर, मरगळलेलीच दिसणार. नव्या कॉईलचा रेझिस्टन्स मोजला, तो ३ ओहमच्या जवळ होता आणि या गाडीला तेवढाच हवा होता. जुनी कॉईलही तितकीच चांगली निघाली.

दुसरा दोष : खूण जुळलेली, तरी घड्याळ उलटे

डिपस्टिक काढून पाहिली तर ऑईलची पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली होती आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास येत होता. पेट्रोलने पातळ झालेल्या ऑईलवर इंजिन चालवले तर बेअरिंगला धोका असतो, म्हणून पुढचा प्रयत्न करण्याआधी ऑईल आणि फिल्टर बदलले. हे कंटाळवाणे वाटते आणि चालू झाल्यावर बदलू असे सगळेच म्हणतात. मी तसे म्हणत नाही. प्लग वाळवून बसवले, चोकची झडप तारेने उघडी बांधली आणि एअर क्लीनर परत बसवला, कारण कार्ब्युरेटरमधून फटका येतो तेव्हा त्याबरोबर ज्वाळाही येऊ शकते. आग विझवण्याचा सिलिंडर हाताशी ठेवला.

काकांनी किल्ली फिरवली. सेल्फ खणखणीत फिरला, ठिणगी निळी होती, पेट्रोल होते, कॉम्प्रेशन होते, आणि तरीही इंजिनने एकदाही पेट घेण्याचा प्रयत्न केला नाही. कार्ब्युरेटरमधून मात्र ठरावीक तालात फट् फट् असे फटके येत राहिले.

फटका कसा येतो याकडे नीट कान दिला तर बरेच कळते. दोन प्लगच्या वायरी एकमेकींच्या जागी लागल्या असतील तर इंजिन बहुतेक वेळा उरलेल्या दोन सिलिंडरवर थरथरत का होईना चालू होण्याची धडपड करते. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, थोडे पुढे गेले असेल तर सेल्फला मध्येच उलटा धक्का बसतो. थोडे मागे असेल तर इंजिन उशिरा पेटते आणि ओढ नसते. पण इंजिन जराही पेट घेत नाही, सेल्फ मोकळा फिरतो आणि फटके मात्र तालात येतात, तेव्हा मला ठिणगी पूर्ण उलट्या वेळी पडत असल्याचा संशय येतो.

याचे कारण चार स्ट्रोकच्या इंजिनाच्या रचनेत आहे. एक चक्र पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, आणि तेवढ्या वेळात कॅमशाफ्ट व डिस्ट्रिब्युटरचा रोटर एकच फेरा घेतात. म्हणजे १ नंबरचा पिस्टन एका चक्रात दोनदा टोकाला येतो : एकदा हवा-पेट्रोल दाबून, आणि दुसऱ्यांदा जळका धूर बाहेर ढकलून. पुलीवरची टायमिंगची खूण क्रँकशाफ्टवर असल्यामुळे ती दोन्ही वेळा सारखीच जुळते. ठिणगी पहिल्या वेळी हवी असते. ती दुसऱ्या वेळी पडली तर त्या क्षणी इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो, आणि ज्वाला सिलिंडरमध्ये काम करण्याऐवजी मॅनिफोल्डमधून उलटी कार्ब्युरेटरकडे जाते.

मी मेकॅनिकशी फोनवर बोललो. त्यांनी ठामपणे सांगितले की डिस्ट्रिब्युटर त्यांनी पुलीची खूण जुळवून आणि रोटर १ नंबरच्या वायरीकडे ठेवूनच बसवला आहे. त्यांचे म्हणणे खरे होते. खूण जुळलेलीच होती. फक्त ती जुळण्याच्या दोन वेळांपैकी कोणती, हे पाहायचे राहिले होते.

ते पाहण्यासाठी १ नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा दाबून धरला आणि पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवू लागलो. हवेने अंगठा बाहेर ढकलला तेव्हा पिस्टन दाबत वर येत होता हे कळले. तिथून हळूहळू फिरवत पुलीची खूण जुळवली. टॅपेटचे झाकण काढून खात्री केली. १ नंबरचे दोन्ही रॉकर मोकळे होते, बोटाने किंचित हलत होते, आणि ४ नंबरचे दोन्ही रॉकर एक मिटत आणि दुसरा उघडत, अशा झुलत्या अवस्थेत होते. १ नंबर दाबाच्या टोकाला असल्याची याहून चांगली खूण नाही. मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडले. रोटर १ नंबरकडे पाहायला हवा होता. तो बरोबर समोरच्या बाजूला, ४ नंबरकडे तोंड करून उभा होता. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे आणि त्या वर्तुळात १ आणि ४ समोरासमोर येतात, म्हणजे फरक नेमका अर्ध्या फेऱ्याचा होता.

इथून पुढे दोन वाटा असतात. झाकणावरच्या चारही वायरी दोन-दोन घरे सरकवल्या तर गाडी पाच मिनिटांत चालू होते, आणि घाईत पुष्कळजण तेच करतात. मला ते मान्य नाही. झाकणावर १ चा आकडा एका जागी आणि १ नंबरची वायर दुसऱ्या जागी राहिली की पुढच्या वेळी झाकण उघडणारा माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो आणि हेच प्रकरण पुन्हा घडते. म्हणून डिस्ट्रिब्युटर उचलून रोटर अर्धा फेरा फिरवला आणि पुन्हा बसवला. याचे गिअर तिरक्या दात्यांचे असल्यामुळे तो खाली उतरताना रोटर आपोआप थोडा फिरतो, आणि तेवढा अंदाज धरून आधी मागे ठेवावा लागतो. पहिल्या वेळी तो एक दाता पुढे गेला; दुसऱ्या वेळी नेमका बसला.

पॉइंटमधील फट ०.४५ मिलिमीटर ठेवली. नंतर क्रँक टोकाच्या ८ अंश अलीकडे आणला, कारण या इंजिनाला तेवढे टायमिंग सांगितलेले आहे. बारा व्होल्टच्या छोट्या बल्बची एक वायर कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरी अर्थिंगला लावून किल्ली चालू केली. पॉइंट मिटलेले असतात तोवर बल्ब विझलेला राहतो आणि ते उघडतात त्या क्षणी पेटतो. ठिणगीही त्याच क्षणी पडते. डिस्ट्रिब्युटरचे शरीर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने केसभर केसभर सरकवत नेले, आणि बल्ब पेटला तिथे बोल्ट आवळला.

चालू झाल्यावर

चोकची नवी केबल बसवली होती. पेट्रोल नुकतेच भिनलेले असल्यामुळे चोक न ओढता, ॲक्सिलरेटर थोडासा दाबून काकांनी किल्ली फिरवली. पहिल्या वेळी इंजिनने एकदा जोराची उचल खाऊन सोडून दिले. दुसऱ्या वेळी ते पेटले, एक्झॉस्टमधून साठलेल्या पेट्रोलचा काळा-पांढरा धूर मिनिटभर आला, मग आवाज एकसारखा झाला. काका गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते बराच वेळ नुसते ऐकत बसले.

इंजिन गरम झाल्यावर टायमिंग लाईटने टायमिंग तपासले, निष्क्रिय वेग मिनिटाला ८५० फेऱ्यांवर आणला, रेडिएटरमधली अडकलेली हवा काढून कूलंट भरला आणि अर्धा तास बुडबुड्यांसाठी लक्ष ठेवले. एकही आला नाही. चोकच्या शेजारची ॲक्सिलरेटरची केबलही काढून पाहिली. तिचेही अस्तर एका जागी मऊ पडले होते, म्हणून तीही बदलली, कारण ती अर्ध्यात अडकली तर परिणाम चोकपेक्षा कितीतरी गंभीर झाला असता.

आठवड्याने गाडी गरम असताना कॉम्प्रेशन पुन्हा मोजले. १५६, १५८, १५५ आणि १५७ पीएसआय आले. मग इंजिन थंड होऊ देऊन हेडचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदा तपासले, टॅपेट पुन्हा जुळवले आणि डिपस्टिकवरचे ऑईल स्वच्छ असल्याचे पाहिले. जुनी कॉईल आणि जुना पेट्रोल पंप काकांनी डिकीत राखीव म्हणून ठेवले आहेत. अर्थिंगच्या पट्टीच्या बोल्टाला मी लाल रंगाचा ठिपका दिला, आणि १ नंबर दाबाच्या टोकाला असताना रोटरचे तोंड जिथे येते तिथे डिस्ट्रिब्युटरच्या कडेवर एक आणि त्याच्या समोर ब्लॉकवर एक, अशा दोन बारीक रेघा ओढून ठेवल्या. मेकॅनिकला ते सगळे दाखवले तेव्हा त्यांनी आपल्या वहीत त्या रेघांचे चित्र काढून घेतले.